शेवटच्या सायकलचा वेग

बेटा,

येत्या रविवारची राईड तू नेणार, हे कळलं. अठरा नावं आली आहेत, त्यातली पाच-सहा अगदी नवी, आणि रस्ता असोदा-भादलीचा ठरलाय. रस्ता चांगला निवडलास. सपाट आहे, हायवे टळतो आणि जाऊन-येऊन पंचवीस किलोमीटरच्या आत-बाहेर होतं. कुणी पद्मालयाचा हट्ट धरला तर ऐकू नकोस. जळगावहून जाऊन-येऊन ते साठच्या घरात जातं. दोन महिने सलग रविवारी येणाऱ्यांसाठी ते ठेव. फोनवर बोलताना अर्धं राहून जातं, म्हणून हे लिहून पाठवतोय.

निवांत राईडचा वेग पुढचा माणूस ठरवत नाही. तो सगळ्यात मागची सायकल ठरवते. हे सगळे मान्य करतात आणि पहिल्या पाच किलोमीटरमध्येच विसरतात. पहाटेची थंडी असते, पाय ताजे असतात, पुढच्याच्या नकळत वेग ताशी २० किलोमीटरवर जातो. नवी माणसं लाजेपोटी काही बोलत नाहीत, कशीबशी रेटतात आणि दहा-बारा किलोमीटरवर त्यांचा दम संपतो. नेमकं तेव्हा घर सगळ्यात लांब असतं. म्हणून पहिले पाच किलोमीटर १३-१४ नेच जा, तुला कंटाळवाणं वाटलं तरी. पुढे १५-१६ पुरे. वेग बरोबर आहे का, हे शेजारच्याला विचारू नकोस. तो तुझ्यासारखाच धट्टाकट्टा असणार. शेवटच्याला एक सबंध वाक्य न धापता बोलता येतं का, एवढं पाहा.

आणखी एक गोष्ट पुढे राहून दिसत नाही. गतिरोधक आला की पुढचा जरा हळू होतो, पाचवा ब्रेक लावतो, बारावा पाय टेकतो. पुढच्याने गतिरोधक ओलांडून लगेच जोर लावला की शेवटच्याला शून्यापासून उठून पळावं लागतं. एका गावात असे पाच गतिरोधक असले तर त्याला पाच वेळा शर्यत पळवल्यासारखं होतं. गतिरोधक, वळण, अरुंद पूल, काहीही ओलांडलं की शंभर मीटर नुसते पाय फिरवत राहा. मागून 'आलो' असा आवाज आला की मगच वेग धर.

अठरा जणांचा एकच घोळका करू नकोस. नऊ-नऊचे दोन कर, मध्ये दोनशे-तीनशे मीटर अंतर ठेव. या दिवसांत कापसाने भरलेल्या ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या असतात, दोन्ही बाजूंना फुगलेल्या. त्यांना किंवा एसटीला नऊ सायकली ओलांडून आत यायला जागा मिळते, अठरा ओलांडता येत नाहीत. मग ड्रायव्हर हॉर्न वाजवतो, घाई करतो आणि मधल्या कुणाला तरी साइडपट्टीवर उतरावं लागतं. साइडपट्टीवर का उतरायचं नाही ते पुढे सांगतो. मागून गाडी येताना दिसली की शेवटच्याने 'गाडी मागून' म्हणायचं आणि ते शब्द एकेकाने पुढे पोचवायचे. त्याबरोबर सगळे एका रांगेत. रस्ता मोकळा असेल तेव्हा दोघांनी गप्पा मारत शेजारी चालवायला हरकत नाही. निवांत राईडची मजाच ती आहे.

खड्डा हाताने दाखवायचा, पण नव्या माणसाला हँडलवरून हात काढायला लावू नकोस. तोंडाने 'खड्डा डावीकडे' म्हटलं तरी चालतं. पुढच्या सायकलपासून दीड-दोन मीटर अंतर सगळ्यांना पाळायला लाव. आपलं पुढचं चाक पुढच्याच्या मागच्या चाकाला बाजूने लागलं तर पुढच्याला फारसं काही होत नाही, मागचा मात्र पडतो. रूळ ओलांडताना सरळ काटकोनात जायचं, तिरकं गेलं की चाक फटीत अडकतं.

प्रत्येक घोळक्याला एक पुढचा आणि एक मागचा लागतो. मागच्याला आपण स्वीप म्हणतो. स्वीप निवडताना सगळ्यात ताकदवान नको, सगळ्यात शांत माणूस घे. पंप, टायर लिव्हर (टायर रिमवरून सोडवायची पट्टी), जादा ट्यूब, अॅलन की, फोन हे सगळं त्याच्याकडे. तो शेवटच्या सायकलच्या पुढे कधीच जात नाही, ती सायकल पायी ढकलली जात असली तरी. कुणाला मधूनच घरी परतायचं असेल तर जाऊ दे, पण एकट्याला नाही.

फाट्यावर सगळे जमेपर्यंत थांबतोच आपण. चूक त्यानंतर होते. शेवटचा येऊन पाय टेकतो आणि पुढचे म्हणतात, 'चला, आले सगळे.' म्हणजे जो सगळ्यात दमला त्यालाच विश्रांती नाही, आणि जे आधीच ताजे होते त्यांची सात-आठ मिनिटं झाली. शेवटचा आल्यावर घड्याळ लाव. तीन मिनिटं. त्याने पाणी प्यायलं, श्वास खाली बसला, की निघायचं.

आता काटे. आपल्या भागात राईड बिघडते ती बहुतेक यांच्यामुळेच. पावसाळा संपला की साइडपट्टीवरचा सराटा वाळतो. एक सराटा तळहातावर घेऊन बघ: फळाचे तुकडे होतात आणि प्रत्येक तुकड्याला काटे अशा कोनात असतात की जमिनीवर तो कसाही पडो, एक टोक वर राहतंच. दिवाळीपासून पुढे वाळलेल्या गवताची साइडपट्टी या काट्यांनी भरलेली असते. म्हणून थांबायचं ते देवळाच्या फरशीवर, शाळेच्या पटांगणात, गावच्या स्टँडवर. कडेला उतरायलाच लागलं तर सायकल ढकलत नेऊ नको, उचलून न्यायची. हे सगळ्यांना निघतानाच सांग, कारण एका माणसाने चुकीच्या जागी थांबवलं की मागचे आठ त्याच्यामागे तिथेच येतात.

दुसरा काटा बाभळीचा. शेताच्या कुंपणाच्या फांद्या बैलगाडीने किंवा ट्रॅक्टरने ओढून नेतात, तेव्हा काटे डांबरावर गळतात. हा लांब काटा टायरमध्ये शिरतो आणि बाहेरून मोडतो. आत राहिलेलं टोक बोटाला लागतही नाही. पंक्चर काढलं, हवा भरली आणि दहा मिनिटांत पुन्हा हवा गेली, तर बहुतेक वेळा हेच टोक कारण असतं.

म्हणून रस्त्यावर पंक्चर झालं की घाईने ट्यूब बदलू नकोस. मागचं चाक असेल तर आधी चेन सगळ्यात लहान दातेरी चक्रावर आण, मग चाक सहज निघतं. टायरची एकच बाजू लिव्हरने सोडव. ट्यूब काढताना तिचा वॉल्व्ह टायरवर कुठे होता ती जागा लक्षात ठेव. ट्यूबमध्ये हवा भरून भोक शोध. भोक वॉल्व्हपासून जितकं लांब, तितक्याच अंतरावर टायरमध्ये काटा असणार. त्या जागी टायरच्या आतून कापड फिरव, बोट नको. कापड अडकलं की तिथे टोक आहे. ते आतून बाहेर ढकलून चिमट्याने किंवा नेलकटरने ओढून काढ. मग तेवढ्यावर न थांबता पूर्ण टायर एकदा कापडाने पुसून घे, सराटे एकटे येत नाहीत. नवी ट्यूब घालताना आधी थोडीशी हवा भरून ती गोल कर, म्हणजे टायर आणि रिमच्या मध्ये चिमटली जात नाही. टायरचा शेवटचा भाग हाताच्या अंगठ्यांनी बसव. तिथे लिव्हर वापरून नवी ट्यूब फाडणारे पुष्कळ आहेत.

जुन्या ट्यूबला ठिगळ घरी लाव. घासून, सोल्युशन लावून, बोटाला चिकटेनासं होईपर्यंत चार-पाच मिनिटं थांबून, मग दाबून. ओल्यावर लावलेलं ठिगळ उन्हात सुटतं. शेजारी-शेजारी दोन भोकं दिसली तर तो काटा नव्हे. हवा कमी असताना खड्ड्यात आदळून ट्यूब रिमला चिमटली.

हवेचा आकडा टायरच्या कडेला छापलेला असतो. त्याच्या मधोमध राहा. जाड टायरच्या एमटीबीला, म्हणजे माउंटन बाईकला, ३५ ते ४५ पीएसआय (हवेच्या दाबाचं माप), ३५ मिलिमीटर रुंद टायरच्या हायब्रिड सायकलला ५० ते ६५ असा अंदाज धर. सगळ्यांना शनिवारी संध्याकाळी हवा पाहायला सांग. रविवारी पहाटे अठरा जण एका पंपाभोवती उभे राहिले तर अर्धा तास तिथेच जातो. आणि वॉल्व्ह तीन प्रकारचे येतात: मोटरसायकलसारखा जाड, बारीक पितळी नटवाला, आणि साध्या सायकलचा जुना. तुझा पंप कुठल्या-कुठल्या वॉल्व्हला बसतो ते आधीच बघून ठेव.

निघण्यापूर्वी प्रत्येक सायकलचे दोन्ही ब्रेक दाबून सायकल पुढे ढकलून पाहा. चाक अडलं पाहिजे. नव्या माणसाची सीट नक्की बघ. बहुतेकांची खाली असते, दोन्ही पाय जमिनीला टेकावेत म्हणून. मग वीस किलोमीटरवर गुडघ्याची पुढची बाजू दुखते आणि दोष सायकलिंगला लागतो. टाच पॅडलवर ठेवून, पॅडल सगळ्यात खाली असताना पाय सरळ व्हायला हवा. एकदम इतकी उंच करू नको, आज दोन बोटं, पुढच्या वेळी आणखी. आणि कुणाच्याही सायकलवर शेरा मारू देऊ नकोस. दूधवाल्याच्या जड सायकलवर आलेला माणूसही १५ च्या वेगाने छान चालतो.

गिअर असलेल्यांना एकच सांग: हलका गिअर, भराभर पाय. मिनिटाला सत्तरच्या आसपास फेरे. जड गिअर रेटण्यात काही शौर्य नाही, उलट गुडघे जातात. चढ दिसला की चढाच्या आधी गिअर बदलायचा. चढावर जोर लावताना बदलला तर चेन कडकडते आणि उतरतेसुद्धा.

या दिवसांत सूर्य पावणेसातच्या सुमारास उगवतो. साडेसहाला निघायचं तर मागे लाल आणि पुढे पांढरा दिवा हवाच. हेल्मेट भुवयांच्या वर दोन बोटं, मागे सरकलेलं नको. कुत्र्यांचं असं असतं की पुढचे त्यांना जागं करतात आणि मागच्यांवर ती धावतात. त्यामुळे गावात शिरताना पुढच्यांनी ओरडणं, शिट्या बंद. कुत्रं आलंच तर वेग वाढवायचा नाही. उतरून सायकल मध्ये ठेवायची, ते थांबतं.

थांबा भादलीला नको, परतीच्या वाटेवर असोद्यात घे. पोट भरल्यावर आणि अंग गार पडल्यावर सहा-सात किलोमीटर उरले पाहिजेत, बारा नाहीत. शिवाय असोदा बहिणाबाई चौधरींचं माहेर. १८८० साली त्या तिथेच जन्मल्या. नव्या माणसांना गाव थोडं चालून बघू दे. वीस मिनिटं नको, चाळीस दे. निघताना केळं खाल्लेलं असलं की असोद्यात पोहे-चहा पुरतो. तेलाची तर्री असलेली शेवभाजी खाऊन सायकलवर बसू नये. भरीत पार्टी करायची असेल तर तिच्यासाठी जानेवारीतला वेगळा रविवार ठेव. २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळालेली आपली भरिताची वांगी तेव्हा भरात असतात. काड्यांवर भाजून, बडजीत म्हणजे लाकडी भांड्यात कुटून भरीत होईपर्यंत दीड तास जातो, आणि ती सगळी बसून खाण्याची गोष्ट आहे. त्या दिवशी राईड आठ-दहा किलोमीटरचीच ठेव.

अवकाळी पाऊस झाला असेल तर शनिवारी रात्रीच रस्ता बदल. ट्रॅक्टरच्या चाकांनी शेतातली काळी माती डांबरावर येते. ओली असताना ती साबणासारखी, वळणावर ब्रेक दाबला की चाक निसटतं. थोडी वाळली की मडगार्ड आणि ब्रेकमध्ये इतकी घट्ट बसते की चाक फिरायचं थांबतं. तशा रस्त्यावर सापडलात तर वळणाच्या आधीच वेग कमी करा, वळताना ब्रेक नको. घरी गेल्यावर माती वाळण्याआधी साध्या पाण्याने धुवा. प्रेशरचं पाणी चाकाच्या मध्यावर मारू नका, बेअरिंगचं ग्रीस निघून जातं. चेन कोरडी पुसून प्रत्येक कडीला एक थेंब तेल, आणि वरचं तेल पुन्हा पुसून टाकायचं. तेल जास्त राहिलं की आपल्याकडची धूळ त्यावर बसून चेन कानसीसारखी दात खाते.

पुढे एप्रिल-मेमध्ये राईड नेशील तेव्हा सगळं वेळापत्रक बदल. साडेपाचला निघून आठच्या आत घरी. माणशी तासाला अर्धा ते पाऊण लिटर पाणी, आणि कमीत कमी एका बाटलीत ओआरएस. पाकीट नसेल तर एक लिटर पाण्यात सहा छोटे चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ. कुणी गप्प झालं, अंगावर काटा आला, डोकं दुखू लागलं, तर 'थोडंच राहिलंय' म्हणू नकोस. सावली, मानेवर-डोक्यावर पाणी, आणि त्याची राईड तिथेच संपली. बोलणं बरळल्यासारखं झालं तर थेट १०८ लाव. ३ जूनला जागतिक सायकल दिन असतो, संयुक्त राष्ट्रांनी २०१८ मध्ये जाहीर केलेला. त्या दिवशी मोठ्या रॅलीला ये म्हणून नक्की बोलावतील. तो आपल्याकडचा जीवघेणा उकाडा असतो. नव्या माणसांना घेऊन दुपारपर्यंत चालणाऱ्या रॅलीत जाऊ नकोस.

वाऱ्याचंही तेव्हाच बघ. साक्री तालुक्यात ब्राह्मणवेलला पवनचक्क्या उगाच नाहीत. उन्हाळ्यापासून पावसाळ्यापर्यंत वारा बहुतेक पश्चिमेकडून येतो आणि दिवस वर येतो तसा वाढतो. त्या महिन्यांत जाताना पश्चिमेला जा, म्हणजे दमलेले पाय घेऊन परतताना तो पाठीशी असेल. रविवारच्या रस्त्याला ही चिंता नाही, थंडीत सकाळी वारा पडलेला असतो.

रविवारी संध्याकाळी त्या पाच-सहा नव्या लोकांना एकेक फोन कर. ग्रुपवर मेसेज नको, फोन. गुडघा दुखतो का, बसायला त्रास झाला का, आणि कुठे वेग जास्त वाटला, हे तीनच प्रश्न विचार. तिसऱ्याचं उत्तर लगेच मिळणार नाही, जरा थांबून पुन्हा विचार. ते सांगतील तो किलोमीटर लिहून ठेव आणि पुढच्या वेळी तिथे एक-दोनने कमी कर.

तुझा,
काका