‘कॉस्मेटिक आहे, क्लेम बसत नाही’ हे उत्तर मलाही मिळालं होतं

तुझी पोस्ट वाचली आणि हातातलं काम टाकून लिहायला बसले. डाव्या स्तनातली कॅन्सरची गाठ काढली, रेडिएशन संपून दीड वर्ष झालं, खालच्या बाजूला खळगा पडलाय, निपल खाली वळलंय, प्लास्टिक सर्जनने पोटाची चरबी भरून घ्या म्हणून सुचवलं आणि इन्शुरन्सवाल्यांनी कॅशलेस नाकारलं. वर घरातून ‘जीव वाचला ना, आता कोण बघतंय’. डावं-उजवं सोडलं तर ही माझीच फाइल आहे.

अगंतुगं करते, राग मानू नकोस, वयाने तुझ्या आईएवढी असेन. मी डॉक्टर नाही. बँकेतून रिटायर झालेली बाई आहे, त्यामुळे औषधातलं मला बेताचंच कळतं, पण कागद वाचता येतो. ऑपरेशन, रेडिएशन, गोळ्या हे सगळं तुझं करून झालंय, त्याची उजळणी करत नाही.

आधी तुझा शेवटचा प्रश्न, कारण तो रात्री झोपू देत नाही हे मला ठाऊक आहे. ‘सगळंच काढून टाकलं असतं तर?’ मिलानचे डॉ. उंबेर्तो व्हेरोनेसी आणि अमेरिकेतले डॉ. बर्नार्ड फिशर यांनी नेमका हाच प्रश्न मोठ्या चाचण्या घेऊन तपासला. दोघांचेही २० वर्षांच्या पाठपुराव्याचे निकाल २००२ साली प्रसिद्ध झाले. सुरुवातीच्या टप्प्यात गाठ काढून रेडिएशन घेतलेल्या बायका आणि पूर्ण स्तन काढलेल्या बायका, जगण्याच्या बाबतीत दोन्ही गट सारखेच निघाले. त्यामुळे तो विचार सोड. खळगा पडला म्हणून निर्णय चुकला असं होत नाही.

खळगा का पडला हे तुला कोणी नीट सांगितलेलं दिसत नाही. गाठ काढल्यावर आत जी पोकळी राहते ती सुरुवातीला पाण्याने भरलेली असते. म्हणून टाके काढायच्या दिवशी सगळे खूश असतात, आकार छान दिसतो. ते पाणी हळूहळू जिरतं, रेडिएशनने आतला भाग आखडतो आणि कातडी आत ओढली जाते. हे महिनोन्‌महिने चालू राहतं. खालच्या अर्ध्यातली गाठ असेल तर निपल बऱ्याचदा खाली झुकतं, सर्जन लोकांनी त्याला पक्ष्याच्या चोचीचं नाव दिलंय. आतल्या बाजूची, म्हणजे छातीच्या मधल्या हाडाकडची जागाही अशीच त्रासदायक, तिथे मुळात मांस कमी. ऑन्कोप्लास्टिक सर्जन, म्हणजे कॅन्सर काढताना आकारही सांभाळणारे, साधारण असा हिशेब धरतात की स्तनाच्या आकारमानाच्या २० टक्क्यांपर्यंत काढलं तर आजूबाजूचं सरकवून भागतं, त्याहून जास्त निघणार असेल तर आकाराची योजना आधीच करावी लागते. मार्जिन, म्हणजे काढलेल्या भागाची कड, साफ आलं नाही म्हणून पुन्हा आत गेले असतील तर आणखी भर. तुझ्या सर्जनचा हात वाईट होता असं म्हणायला माझ्याकडे काही आधार नाही. पण ऑपरेशनआधी आकाराबद्दल कोणी दोन वाक्यं तरी बोललं का, हे विचारायचा हक्क तुला आहे.

आता ज्यासाठी लिहितेय ते.

माझ्या वेळी हॉस्पिटलच्या इन्शुरन्स डेस्कवर एक मुलगा बसायचा. कॅशलेसचा फॉर्म त्यानेच भरला आणि ‘प्रोसीजर’च्या रकान्यात ‘कॉस्मेटिक करेक्शन’ असं लिहून मोकळा झाला. सर्जनच्या केसपेपरवर ‘स्तनाच्या कर्करोगाच्या शस्त्रक्रियेनंतरची पुनर्रचना’ असं स्पष्ट लिहिलेलं होतं, पण तो कागद त्याने जोडलाच नाही. टीपीएकडून, म्हणजे विमा कंपनीच्या वतीने क्लेम तपासणाऱ्या संस्थेकडून, नकार आला. पत्रात पॉलिसीतलं कलम उद्धृत केलेलं: दिसणं बदलण्यासाठीची कॉस्मेटिक किंवा प्लास्टिक सर्जरी देय नाही. पुढे पूर्णविराम.

माझी नोकरीच अशी की वाक्य अर्धवट वाटलं तर मूळ कागद काढून बघायचा. पॉलिसीचं पुस्तक काढलं. पूर्णविराम तिथे नव्हताच. त्यांनी वाक्य जिथे तोडलं होतं, तिथूनच अपवाद सुरू होत होता: अपघात, भाजणे किंवा कर्करोग यानंतरची पुनर्रचना सोडून. हे कलम माझ्या कंपनीने मेहेरबानी म्हणून घातलेलं नाही. आरोग्य विम्यात कोणते खर्च वगळता येतील याची भाषा इर्डाने, म्हणजे विमा कंपन्यांवरच्या सरकारी नियामकाने, २०१९ साली सगळ्या कंपन्यांसाठी एकसारखी करून दिली, त्यातलं हे आठव्या क्रमांकाचं कलम. तुझ्याही पॉलिसीत ‘एक्सक्लूजन्स’च्या, म्हणजे वगळलेल्या खर्चांच्या पानावर ‘०८’ असा कोड शोध, सापडेल. कलमाच्या शेवटी वैद्यकीय गरजेबद्दल उपचार करणाऱ्या डॉक्टरच्या प्रमाणपत्राचीही अट आहे. ते प्रमाणपत्र म्हणजे तुझा मुख्य कागद.

मी फोन केला. पलीकडचे गृहस्थ शांतपणे म्हणाले, “मॅडम, यात जिवाला धोका नाहीये ना? मग या वयात कशाला?” माझं वय पॉलिसीच्या कोणत्या कलमात बसतं ते मी विचारलं. फोन होल्डवर गेला आणि तिथेच राहिला.

लेखी कळवल्यावर दुसरा नकार आला, आणि तो जास्त झोंबला. माझ्या फॉलोअपच्या कागदावर ‘कॉस्मेसिस: गुड’, म्हणजे दिसायला चांगलं, असा शेरा होता, तो त्यांनी पुरावा म्हणून दाखवला. हा शेरा काय असतो ते सांगते. चार पायऱ्या असतात, उत्तम, चांगलं, बेताचं आणि वाईट, आणि उपचार झालेला स्तन दुसऱ्या बाजूशी ताडून डॉक्टरने त्यातली एक निवडायची असते. माझा शेरा लिहिला गेला तेव्हा ब्लाउजचं एक बटणही उघडलेलं नव्हतं. ओपीडीत गर्दी, कॅन्सर परत आला नाही याचा सगळ्यांना आनंद, रकाना भरायचा म्हणून भरला. त्या डॉक्टरांबद्दल मला आजही आदर आहे, पण त्या एका शब्दाने माझी एफडी मोडली. पैसे आम्ही घरचे भरले, चरबी भरून घेतली आणि नंतर भांडत बसले. पैसे शेवटी परत आले, थोडी कापाकापी करून. मनस्तापाचं बिल कोणाला लावायचं ते अजून ठरलेलं नाही!

म्हणून तू कागदांचं आधी बघ. पुढच्या तपासणीला गेलीस की स्वतःहून सांग, ‘डॉक्टर, बघून लिहा.’ कॅन्सर सर्जन आणि प्लास्टिक सर्जन दोघांकडून लेखी घे की ही कर्करोगाच्या शस्त्रक्रियेनंतर आणि रेडिएशननंतर आलेली विकृती आहे आणि प्रस्तावित शस्त्रक्रिया ही पुनर्रचना आहे. खळग्यात घामाने कातडी खराब होत असेल, व्रण ओढला जाऊन दुखत असेल, तर तेही त्यात यावं. नसेल होत तर लिहून घेऊ नकोस. खोट्याची गरजच नाही, कलम तुझ्या बाजूने आहे. आणि डेस्कवर फॉर्म भरला की पाठवायच्या आधी प्रत्येक रकाना स्वतः वाच. त्यांना घाई असते, असू दे.

कॅशलेस नाकारणं म्हणजे क्लेम नाकारणं नव्हे. पैसे भरून नंतर परताव्यासाठी क्लेम टाकता येतो. तोही नाकारला तर कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्याकडे लेखी तक्रार करायची. टीपीएशी भांडण्यात वेळ घालवू नकोस, पॉलिसी कंपनीची आहे आणि उत्तर देणं तिचं काम. सोबत इर्डाच्या ‘बीमा भरोसा’ पोर्टलवरही नोंद कर. महिनाभरात उत्तर आलं नाही किंवा आलेलं पटलं नाही तर विमा लोकपाल. मुंबईत कार्यालय आहे, पुण्यातही आहे, तू राहतेस त्या भागाप्रमाणे ठरतं. फी नाही, वकील लागत नाही, किंबहुना वकिलामार्फत तक्रार करताच येत नाही. लोकपालांनी दिलेला निवाडा कंपनीवर बंधनकारक असतो, तुझ्यावर नाही.

हे माझ्या साध्या वैयक्तिक पॉलिसीबद्दल झालं. ऑफिसची ग्रुप पॉलिसी असेल तर अटी वेगळ्या असू शकतात, एचआरकडून पूर्ण प्रत मागून घे, ते दोन पानी पत्रक नव्हे. महात्मा फुले योजनेतून उपचार झाले असतील तर गणित पूर्ण निराळं, हॉस्पिटलमधल्या आरोग्यमित्राला भेट.

चरबी भरण्याबद्दल तू घाबरलीयस, त्यावर माझं मत. ‘मत’ म्हणतेय हे लक्षात ठेव. रेडिएशन झालेल्या स्तनात मोठी चिरफाड करणं जोखमीचं, जखम लवकर भरत नाही. आत सिलिकॉनचं इम्प्लांट टाकलं तर त्याभोवती कडक आवरण धरायची शक्यता रेडिएशनमुळे वाढते. पाठीचा किंवा बगलेखालचा मांसल भाग वळवून आणतात तो पर्याय चांगला आहे, पण ऑपरेशन मोठं आणि आणखी एक व्रण. तुझ्या वर्णनावरून खळगा लहान वाटतो, अशा ठिकाणी पोटा-मांडीची चरबी बारीक सुईने थोडी थोडी सोडणं मला तरी सगळ्यात सुसह्य वाटलं. पण एका बैठकीत काम होईल असं कोणी सांगत असेल तर विश्वास ठेवू नकोस. भरलेल्यातली बरीच चरबी शरीर परत शोषून घेतं, त्यामुळे पुन्हा जावं लागू शकतं. तेव्हा पहिल्याच अर्जात सर्जनकडून ‘टप्प्याटप्प्याने’ असं लिहून घे, नाहीतर दुसऱ्या वेळी हीच कटकट नव्याने. रेडिएशननंतर सहा महिने ते वर्षभर थांबायला सांगतात, ती अट तुझी पूर्ण झालीय. आधी मॅमोग्राफी करून घे. पुढे प्रत्येक मॅमोग्राफीच्या वेळी रेडिओलॉजिस्टला सांग की इथे चरबी भरलीय. आत तेलाच्या गाठी आणि चुन्याचे ठिपके दिसतात आणि माहिती नसेल तर विनाकारण बायोप्सीपर्यंत प्रकरण जातं.

दुसरी बाजू जड असेल तर तीच थोडी लहान करून दोन्ही सारखं करतात, तेही विचारून घे. आणि काहीच न करणं हाही पर्याय आहे, ब्रामध्ये घालायचं अर्धं सिलिकॉन पॅड मिळतं. फक्त ते तू ठरव, सासूबाईंनी नाही.

एक गोष्ट मात्र गंभीरपणे. आकार एकदा स्थिरावल्यानंतर नवीन खळी पडली, निपल नव्याने आत गेलं, कातडी संत्र्याच्या सालीसारखी झाली किंवा गाठ लागली तर ‘रेडिएशनचंच असेल’ म्हणून घरी बसू नकोस. बऱ्याचदा ती मेलेली चरबी असते, पण हे आपण ठरवायचं नाही. पोस्टमध्ये तू ‘गेल्या दोन महिन्यांत जास्त आत गेल्यासारखं वाटतंय’ असं ओझरतं लिहिलंयस. ते आधी कॅन्सर सर्जनला दाखव, इन्शुरन्स नंतर.

फोटो काढून ठेव. समोरून, दोन्ही बाजूंनी, हात खाली आणि हात वर, एकाच जागी, एकाच उजेडात, महिन्या-दोन महिन्यांनी, चेहरा न घेता. मला लोकपालांकडे याचाच उपयोग झाला, ‘गुड’ शेऱ्याला तोंडी उत्तर देता आलं नसतं. ज्यांचं ऑपरेशन अजून व्हायचंय त्यांनी तर आधीचा फोटो काढून घ्याच, आणि ऑपरेशनआधी कातडीवर आकाराच्या खुणा करतात त्या उभं करून किंवा बसवून करणार का तेही विचारा. आडवं झोपल्यावर स्तन भलतीकडेच जातो.

वजनाचंही बोलते, रागावलीस तरी. वजन वाढलं की निरोगी बाजू वाढते, रेडिएशनवाली त्या मानाने वाढत नाही आणि फरक डोळ्यात भरतो. हार्मोनच्या गोळ्यांच्या काळात माझं असंच झालं. शिवाय आपल्याकडे बायका मिश्री लावतात आणि डॉक्टरने तंबाखूचं विचारलं की ‘छे, काहीच नाही’ म्हणून सांगतात. मिश्री तंबाखूच आहे, निकोटिनने रक्तपुरवठा कमी होतो आणि भरलेली चरबी धरत नाही. तू लावत नसशील, पण हे वाचणाऱ्या कोणाच्या तरी आईला लागू पडेल.

आता तुझ्याकडून दोन गोष्टी कळव. तुला आलेलं पत्र फक्त कॅशलेसच्या नकाराचं आहे की क्लेमच्या? आणि कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्याला लेखी काही दिलंयस का, दिलं असेल तर कोणत्या तारखेला आणि उत्तर आलं का? लोकपालांकडे जायला एक वर्षाची मुदत असते आणि ती त्या उत्तरापासून धरतात, उत्तरच आलं नसेल तर तक्रारीनंतरचा महिना संपल्यापासून. पत्राचा फोटो टाकणार असशील तर नाव, पॉलिसी नंबर आणि कंपनीचं नाव झाकून टाक. कलम कुठे तोडलंय ते मी बघून सांगते.