‘छान होती’च्या पलीकडे

चि. संशोधकास,
अनेक आशीर्वाद.

तुझी प्रश्नावली वाचली. पहिलाच प्रश्न आहे, ‘मालिका पाहून तुम्हाला कसं वाटलं?’ याचं उत्तर ‘छान होती’ असंच येणार, आणि प्रेक्षकांच्या प्रतिक्रियांवरचा तुझा प्रबंध त्यावर उभा राहत नाही. तो प्रश्न आधी काढून टाक.

‘वाइल्ड वाइल्ड कंट्री’ निवडलीस ते बरं केलंस. २०१८ची सहा भागांची माहितीपट-मालिका आहे आणि रजनीशांच्या, म्हणजे पुढच्या ओशोंच्या, अमेरिकेतल्या वसाहतीवर असली तरी मराठी प्रेक्षकाला ती परकी नाही. गोष्ट ओरेगनमधल्या अँटिलोप या जेमतेम चाळीस-पन्नास वस्तीच्या गावाजवळ घडते, पण त्याआधीची सात वर्षं, १९७४ ते १९८१, कोरेगाव पार्कात गेलेली आहेत. मालिका ती भराभर उरकते. त्यामुळे ‘आमचं पुणं कुठंय यात?’ अशी तक्रार तुझ्या कागदांवर येईल. ती बाजूला टाकू नकोस. न दाखवलेल्या गोष्टीला दिलेली ती प्रतिक्रिया आहे, तिला स्वतंत्र रकाना दे. कम्यूनमध्ये, म्हणजे त्या सामूहिक वसाहतीत, वाढलेल्या मुलांचं काय झालं, हेही मालिकेत जवळजवळ नाही आणि त्यावर टीका झालेली आहे. कुणी तो विषय काढला तर याच रकान्यात लिही, पण खोदून विचारू नकोस. समोरची व्यक्ती कधीकाळी तिथे राहिलेली असू शकते.

आता गट. सहा ते आठ माणसं, त्याहून जास्त नकोत. दहा झाली की दोघं बोलतात आणि बाकीचे मान डोलावतात. किमान चार गट कर: सत्तरच्या दशकातलं पुणं आठवणारे साठीपुढचे, मोबाइलवर मालिका पाहणारे विशीतले, ओशो वाचणारे किंवा संन्यास घेतलेले, आणि ज्यांना या कशाशीच देणंघेणं नाही असे. शेवटचा गट सगळे विसरतात. तो नसेल तर बाकीच्यांचा राग किंवा प्रेम कशाशी ताडून पाहणार? संन्यासी आणि टीकाकार यांना पहिल्या बैठकीत एकत्र बसवू नकोस, नाहीतर मालिका राहील बाजूला आणि वाद घालायला सगळे मोकळे. पूर्वी आत असलेल्या आणि नंतर बाहेर पडलेल्या माणसांशी एकेकट्यानं बोल.

सहाही भाग एका दमात दाखवायचा मोह होईल. प्रत्येक भाग तासाभराहून मोठा आहे, म्हणजे सलग सहा तासांवर काम. शेवटी लोकांना फक्त शेवट आठवतो आणि भूक लागलेली असते. तीन-तीन भागांच्या दोन बैठका ठेव. प्रत्येक भाग संपला की दिवे लावायचे आणि कुणीही बोलायच्या आत पाच मिनिटं लिहून घ्यायचं. ही पाच मिनिटं पाळलीस तर निम्मं काम झालं. कारण खोलीत पहिला आवाज ज्याचा, त्याचाच सूर बाकीचे धरतात. मोठ्या वयाच्या माणसानं ‘सगळी नाटकं’ म्हटलं की कागदावर ‘शीलाचं बोलणं ऐकत राहावंसं वाटलं’ असं लिहिणारी मुलगी तोंडी काही म्हणणार नाही. (शीला म्हणजे रजनीशांची सचिव, वसाहतीचा कारभार तीच पाहायची.)

भाग का मोजायचे, तेही सांगतो. जुलै १९८३मध्ये ओरेगनमधल्याच पोर्टलंड शहरात, रजनीशांच्या अनुयायांच्या हॉटेल रजनीशमध्ये बॉम्बस्फोट झाला. मालिकेत तो आधी येतो आणि वसाहतीतल्या बंदुका नंतर. तिथे थांबलेला प्रेक्षक म्हणतो, ‘मग काय करणार बिचारे?’ पुढे १९८४च्या शरद ऋतूत तिथल्याच द डॅल्स गावातल्या दहा रेस्टॉरंटांच्या खाण्यात वसाहतीतल्या लोकांनी साल्मोनेला हे विषबाधा करणारे जंतू मिसळले आणि ७५१ माणसं आजारी पडली. हे पाहिल्यावर तोच प्रेक्षक गप्प होतो. दोन्ही कागद एकाच माणसाचे. तारीख आणि भाग क्रमांक लिहिला नसेल तर तुला वाटेल, हा माणूस गोंधळलेला आहे. गोंधळलेला तो नाही, मालिकेचा क्रमच तसा लावला आहे.

मालिकेत निवेदक नाही. माणसं बोलतात, जुनं फुटेज दिसतं, वर संगीत. म्हणून बरेच जण ‘तटस्थ आहे हो’ असं म्हणतील. तिथे लगेच विचार: ‘कुठल्या प्रसंगावरून असं वाटलं?’ प्रसंग सांगता आला तर ते मत. नाही सांगता आला तर निवेदक नसल्याचा परिणाम, असा शेरा मार. याच्या उलट गोष्टही होते. २००७मध्ये बीबीसीच्या ‘पॅनोरमा’ या शोधपत्रकारितेच्या कार्यक्रमाचा वार्ताहर जॉन स्वीनी सायंटॉलॉजी या अमेरिकेतल्या वादग्रस्त पंथावर काम करताना त्यांच्या प्रतिनिधीवर बेफाम ओरडला. सायंटॉलॉजीच्या चर्चनंही स्वतःचा कॅमेरा लावला होता. त्यांनी ती चित्रफीत प्रक्षेपणाआधीच यूट्यूबवर टाकली. मग लोक पंथाबद्दल कमी आणि वार्ताहराच्या आरडाओरड्याबद्दल जास्त बोलले. म्हणून प्रत्येक प्रतिक्रिया ‘कुणाबद्दल’ आहे हा रकाना आवश्यक: रजनीश, शीला, गावकरी, सरकार, की मालिका बनवणारे.

हे एका वाक्यावर करून दाखवतो. समजा एका बाईंनी लिहिलं, ‘शीला डेंजर आहे, पण काय चालवलंय तिनं सगळं!’ एक वाक्य, पण नोंदी दोन. ‘डेंजर आहे’ हा कृत्यांवरचा निकाल. ‘काय चालवलंय’ ही कर्तबगारीची दाद. दोन्हींना मिळून ‘सकारात्मक’ असा शिक्का मारलास तर प्रबंधात शीलाला चाहते मिळतील आणि वस्तुस्थिती निसटेल. कर्तृत्वाला दाद देणं म्हणजे कृत्याला होकार नव्हे, हे दोन रकाने कायम वेगळे ठेव. सगळ्या नोंदींपैकी पाचवा हिस्सा दुसऱ्या कुणाकडून, तुझे शिक्के न दाखवता, पुन्हा लावून घे. जिथे जुळत नाही तिथे रकान्याची व्याख्या ढिली आहे.

शब्दांकडे आता जरा बारकाईनं बघ. इंग्रजी लेखांमधला ‘कल्ट’ तू सरळ ‘पंथ’ केला आहेस. मराठी माणूस वारकरी पंथ म्हणतो, महानुभाव पंथ म्हणतो, आणि त्यात तिरस्कार नसतो. त्याला तिरस्कार दाखवायचा असला की तो ‘बुवाबाजी’ म्हणतो. तुझ्या प्रश्नांत यातला एकही शब्द येऊ देऊ नकोस, पण उत्तरात कोणता आला ते जसंच्या तसं टिप. नावाचंही तसंच. १९७१पर्यंतचे ‘आचार्य रजनीश’, मग ‘भगवान’, आणि १९८९पासून ‘ओशो’. माणूस कोणतं नाव घेतो यावरून त्याची ओळख कधीची आणि किती जवळची, याचा अंदाज येतो. म्हणून मालिका सुरू व्हायच्या आधीच एका चिठ्ठीवर दोन गोष्टी लिहून घे: या माणसाला तुम्ही कोणत्या नावानं ओळखता, आणि ते नाव ऐकल्यावर सुचलेले पहिले तीन शब्द. ही चिठ्ठी नसेल तर नंतरची प्रतिक्रिया मालिकेनं घडवली की घरून आणलेली, हे कळायला मार्ग नाही.

सिद्धांताचं प्रकरण आटोपशीर ठेव. माध्यमांचा अभ्यासक स्टुअर्ट हॉल यानं १९७३मध्ये मांडलेल्या, प्रेक्षक अर्थ कसा लावतो याच्या तीन वाटा पुरतात: निर्मात्याला हवा तसा अर्थ, घासाघीस करून लावलेला अर्थ, आणि उलटा अर्थ. ‘सरकारनंच त्यांना छळलं’ म्हणणाऱ्याला मालिका समजली नाही असं लिहू नकोस. तो तिसऱ्या वाटेवर आहे. वॅलोन, रॉस आणि लेपर यांचा १९८५चा स्टॅनफर्डमधला प्रयोगही वाच. १९८२च्या बैरुत हत्याकांडाच्या त्याच त्या टीव्ही-बातम्यांबद्दल इस्रायलच्या बाजूचे आणि अरबांच्या बाजूचे विद्यार्थी दोघेही म्हणाले, हे आमच्या विरोधात आहे. तेव्हा दोन्हीकडून शिव्या पडल्या म्हणजे मालिका समतोल, असा निष्कर्ष चुकूनही काढू नकोस. परीक्षक तिथेच धरतील.

एक चाचणी मात्र सोडू नकोस. दुसऱ्या बैठकीनंतर दोन आठवड्यांनी प्रत्येकाला फोन कर आणि तीन मिनिटांत गोष्ट सांगायला सांग. मदत करायची नाही, आठवण द्यायची नाही. रजनीशांच्या त्र्याण्णव रोल्स-रॉइस गाड्या येतात का? विषबाधा येते का? वसाहतीनं बेघरांना मतदानासाठी आणून ठेवलं होतं, ते येतं का? आणि मालिकेत नसलेलं काय येतं? कोरेगाव पार्कातल्या ऐकीव गप्पा मालिकेत पाहिल्या म्हणून कुणी सांगितल्या तर ते खोटं बोलत नाहीत. दोन आठवणी एकमेकींत मिसळल्या आहेत. तो भाग अधोरेखित कर, तिथे तुझं सगळ्यात चांगलं प्रकरण दडलेलं असण्याची शक्यता आहे.

संमतीपत्रावर ध्वनिमुद्रण किती दिवस ठेवणार आणि कधी पुसणार ते लिही. आत्ताच्या मसुद्यात ते नाही. नोंदींचा तक्ता ए-फोर कागदावर आडवा छाप. उभ्या कागदावर सात रकाने मावत नाहीत आणि ‘कुणाबद्दल’च्या जागी लोक बाण काढायला लागतात. आधी बेफिकिरांचा गट घे, त्यांचे कागद इकडे पाठव, आणि संन्याशांना त्यानंतरच बोलाव.

तुझा हितचिंतक