'रक्तातच आहे' म्हणणाऱ्या मुलास

प्रिय मित्रा,

तुझं पत्र येऊन चार दिवस झाले. उत्तराला उशीर झाला, कारण मी तुझ्या शेवटच्या ओळीपाशीच घुटमळत होतो. "काका, आजोबांना नैराश्य होतं, बाबांना आहे, आता माझी पाळी. रक्तातच असेल तर डॉक्टर काय करणार?" हे वाक्य मी सतराव्या वर्षी कुणाला लिहिलं नाही, पण मनात जवळपास याच शब्दांत घोळवलं होतं.

माझे वडील वर्षातले दोन-तीन महिने भिंतीकडे तोंड करून झोपून असायचे. घरात त्याला नाव नव्हतं. "त्यांना बरं नाहीये, आवाज करू नका," एवढंच. एका दुपारी मला जाग आली तेव्हा माझं नाक भिंतीला टेकलेलं होतं. समोर रंगाचा पोपडा निघाला होता आणि त्याखालचा जुना निळा रंग दिसत होता. तो मी किती वेळ बघत पडलो होतो कोण जाणे. मग एकदम वाटलं, झालं, आपलंही सुरू झालं. पुढची दीड वर्षं मी कुणापाशी अवाक्षर काढलं नाही. जे ठरलेलंच आहे ते सांगून काय उपयोग, असा माझा हिशोब. आजारापेक्षा या हिशोबाने माझं जास्त वाटोळं केलं, असं मला आजही वाटतं.

तेव्हा आधी तो हिशोब तपासू. मी डॉक्टर नाही, पण जीवशास्त्र शिकवण्यात आयुष्य गेलंय, त्यामुळे एवढं सांगू शकतो.

जुळ्यांवर झालेल्या अभ्यासांची एकत्रित छाननी 2000 साली प्रसिद्ध झाली. तिच्यात नैराश्याची आनुवंशिकता 37 टक्क्यांच्या आसपास निघाली. हा आकडा लोक हमखास चुकीचा वाचतात. तुला नैराश्य येण्याची शक्यता 37 टक्के, असा त्याचा अर्थ होत नाही. कुणाला हा आजार होतो, कुणाला होत नाही. माणसामाणसांतल्या या फरकापैकी साधारण तेवढा वाटा जनुकांमधल्या फरकांच्या खात्यावर जातो, इतकंच तो सांगतो. बाकीचा मोठा हिस्सा आयुष्यात काय काय घडतं त्याचा. तुझ्यापुरतं बोलायचं तर आई, वडील किंवा सख्ख्या भावंडाला नैराश्य असेल तर धोका इतरांच्या दुप्पट-तिप्पट असतो. मी तो कमी करून सांगणार नाही. पण एकसारख्या जुळ्यांची जनुकं जवळजवळ तंतोतंत सारखी असतात, आणि तरीही एकाला नैराश्य आलं म्हणून दुसऱ्याला ते येतंच असं नाही. तू तर तुझ्या बाबांचा जुळा भाऊही नाहीस. त्यांच्याकडून तुला निम्मीच जनुकं मिळाली आहेत.

आणि 'नैराश्याचं जनुक' असं काही सापडलेलं नाही. 2003 मध्ये मेंदूतल्या सेरोटोनिन या रसायनाशी संबंधित एका जनुकावरून मोठा गाजावाजा झाला होता. मीही वर्गात ते उत्साहाने शिकवलं, आता आठवलं की ओशाळल्यासारखं होतं. 2019 मध्ये लाखो लोकांच्या नोंदी तपासल्या गेल्या, तेव्हा ते जनुक आणि त्याच्यासारखी आणखी सतरा गाजलेली जनुकं इतर कुठल्याही जनुकांपेक्षा महत्त्वाची ठरली नाहीत. त्याच वर्षीच्या दुसऱ्या मोठ्या अभ्यासात जनुकसंचातल्या 102 जागांचा नैराश्याशी संबंध दिसला. एकेका जागेचा प्रभाव अगदी किरकोळ. म्हणजे तुझ्याकडे आलाय तो फार तर थोडा उतार. त्यावरून घरंगळायचंच, असं कुठे लिहिलेलं नाही.

आता हार्मोन्स. मोठी माणसं तुला म्हणतात ना, "या वयात होतंच, हार्मोन्सचा खेळ आहे"? यात अर्धं खरं आहे आणि उरलेल्या अर्ध्याने मुलं बुडतात. मुलांमध्ये साधारण नऊ ते चौदा या वयात कधीतरी मेंदूतून वयात येण्याचे इशारे सुटायला लागतात, सुरुवातीला रात्री झोपेत, आणि पुढच्या काही वर्षांत टेस्टोस्टेरॉन हे पुरुषी हार्मोन दहा-वीस पटींनी वाढतं. पण नुसत्या वाढीने नैराश्य येत असतं तर तुझा अख्खा वर्ग अंथरुणाला खिळला असता. गंमत म्हणजे वयात आल्यानंतर नैराश्याचं प्रमाण मुलींमध्ये मुलांच्या जवळपास दुप्पट होतं. आत्महत्येने जाणाऱ्यांत मात्र पुरुष जास्त. मुलगे दुःखाचा पत्ता लागू देत नाहीत, हे त्यामागचं एक कारण असावं असं मला वाटतं.

हार्मोन्स त्रास देतात ते बरेचदा आडमार्गाने. एखाद्याची उंची सगळ्यांच्या आधी वाढते, एखाद्याचा आवाज सोळाव्या वर्षीही बारीकच असतो. जवळपास निम्म्या मुलांना या वयात छातीत गाठ किंवा फुगवटा येतो. बहुतेकांचा एक-दोन वर्षांत आपोआप जातो, पण कुणी हे सांगितलेलं नसतं, म्हणून पोरगा पोहायला जायचं बंद करतो, मग मित्रांत जायचं बंद करतो. (तुला हे लागू आहे की नाही ठाऊक नाही. लागू असेल तर डॉक्टरांना दाखव, लाजू नकोस.) त्यात झोपेचं घड्याळ पुढे सरकतं. झोप आणणारं मेलाटोनिन या वयात रात्री उशिरा स्रवतं, त्यामुळे अकराला डोळा लागत नाही आणि सकाळी उठवत नाही. त्याला घरात आळस म्हणतात. तुझ्या वयाला आठ ते दहा तास झोप लागते. पत्रात तू पाच तास लिहिलं आहेस, आणि त्यातही तीनला जाग येते म्हणतोस. ही जाग मी वाचून सोडून दिलेली नाही.

मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं ते कॉर्टिसॉल, ताणाचं हार्मोन. 2014 मध्ये केंब्रिजच्या संशोधकांनी अठराशेहून अधिक किशोरवयीनांचा अभ्यास प्रसिद्ध केला. ज्या मुलग्यांच्या लाळेत सकाळी कॉर्टिसॉल जास्त होतं आणि ज्यांनी स्वतःही उदासीची लक्षणं बरीच सांगितली होती, त्यांना पुढे नैराश्य येण्याचा धोका दोन्ही गोष्टी नसलेल्या मुलांच्या 14 पटींपर्यंत होता. मुलींमध्ये तोच धोका सुमारे 4 पट. यातलं मला भावलं ते हे की नुसतं हार्मोन पुरेसं नव्हतं, मुलांनी स्वतःबद्दल काय सांगितलं तेही मोजावं लागलं. रक्त-लाळेत अर्धीच गोष्ट असते. उरलेली तोंडाने सांगावी लागते.

पण सांगायचं काय? तू लिहिलंस, "मी उदास वगैरे नाही, फक्त सगळ्यांवर चिडतो." अरे, मी तरी कुठे रडत होतो! एका संध्याकाळी धाकट्या भावाने न विचारता माझी पेन्सिल घेतली म्हणून मी कंपासपेटी भिंतीवर फेकली. बिजागरी तुटून झाकण पलंगाखाली गेलं. तो काही न बोलता गुडघ्यांवर बसून कोनमापक, कर्कटक एकेक वेचत होता, आणि मी उभा राहून बघत होतो. राग केव्हाच उतरला होता. त्याच्या जागी काहीच आलं नव्हतं. लाज नाही, वाईट नाही, काहीच नाही. ते 'काहीच नाही' मला आजही त्या फेकण्यापेक्षा भीतिदायक वाटतं. डॉक्टरांच्या निदानाच्या निकषांत मुलं आणि किशोरांसाठी हे स्पष्ट दिलेलं आहे: उदासीऐवजी चिडचिड असली तरी ती मोजायची. ती किंवा आवडत्या गोष्टींतला रस जाणं, सोबत झोप, भूक, थकवा, लक्ष न लागणं, आपण बिनकामाचे वाटणं, अशी निदान पाच लक्षणं दोन आठवडे जवळजवळ रोज असली तर तो 'वयाचा खेळ' राहत नाही.

तर आता कामाचं. डॉक्टरांकडे जाशील तेव्हा घराण्याचा इतिहास पहिल्यांदा सांग. ज्याला तू शाप समजतोस ती त्यांच्या दृष्टीने नेमकी हवी असलेली माहिती असते. घरात कुणाला उदासीच्या उलट, म्हणजे दिवसच्या दिवस झोपेशिवाय उधाण येण्याचा त्रास झाला असेल तर तेही सांग, बाबांना विचारून घे. त्यावर औषधाची निवड अवलंबून असते. थायरॉइड, हिमोग्लोबिन, बी12 अशा तपासण्या करायला सांगतील, कारण त्यांच्या बिघाडानेही माणूस असाच मरगळतो. जिममधल्या ज्या दादाबद्दल तू लिहिलंस, त्याने देऊ केलेली स्टेरॉइडची इंजेक्शनं घेतली असशील तर लपवू नकोस. बाहेरून घेतलेल्या स्टेरॉइडने शरीराचं स्वतःचं टेस्टोस्टेरॉन बंद पडतं, आणि इंजेक्शनं थांबवली की मन तळाला जाऊ शकतं. घेतली नसशील तर घेऊ नकोस, एवढं माझं ऐक.

आणि "डॉक्टर काय करणार" याचं उत्तर. अमेरिकेत 439 किशोरवयीनांवर झालेल्या एका चाचणीचे निष्कर्ष 2004 मध्ये आले. फ्लुओक्सेटिन हे औषध आणि विचार-वर्तन सुधारणारं समुपदेशन दोन्ही मिळालेल्यांपैकी 71 टक्के मुलं बारा आठवड्यांत बरीच सुधारली. नुसत्या औषधाने 61, नुसत्या समुपदेशनाने 43 आणि खोट्या गोळीने 35 टक्के. त्यातही रक्तात वारसा असलेली मुलं असणारच की! औषधाला काही आठवडे लागतात, आणि सुरुवातीच्या दिवसांत तुझ्या वयाच्या काही मुलांत जिवाचं बरंवाईट करण्याचे विचार वाढू शकतात, म्हणून तेव्हा जास्त लक्ष ठेवतात. मनाने सुरू किंवा बंद करायचं नाही.

आता सरळ विचारतो. मरून जावं असं वाटतं का? तू लिहिलेलं नाहीस, पण 'माझी पाळी' हे शब्द मला खुपले. वाटत असेल तर हे पत्र इथेच ठेव आणि आत्ता, आजच, आईला सांग किंवा मला फोन कर. रात्रीचे तीन वाजले असले तरी चालेल. म्हातारपणी मीही जागाच असतो. आम्ही दोघं नाही सापडलो तर हेल्पलाइनला लाव, नाहीतर सरळ दवाखाना गाठ. पण एकटा थांबू नकोस.

वाटत नसेल तर या आठवड्यात एवढंच कर. एका वहीत रोज तीन गोष्टी लिही: किती वाजता झोपलास, किती वाजता जाग आली, आणि दिवसभरात कुणावर चिडलास. कारण लिहू नकोस, नुसतं नाव. बाबांना डॉक्टरांचं मी सांगतो. त्यांच्याशी हे बोलणं तुला जड जाईल, आणि खरं सांगू, त्यांना तर त्याहून जड जाईल. पुढच्या आठवड्याची वेळ मिळाली की तुला कळवीन. आत हवं तर तू एकटाच जा, मी बाहेर बाकावर बसतो. वही विसरू नकोस.

तुझा,
काका