‘तिकडे जाऊन ताटंच धुणार असेल तर?’

“मॅडम, मी दिवसभर लोकांचे डबे भरते, पातेली घासते. तिच्या वाट्याला हे येऊ नये म्हणून तिला शिकवलं. आणि ही म्हणते, अमेरिकेत जाऊन ताटं धुईन आणि शिकेन!”

मुलीच्या पुढच्या शिक्षणाबद्दल सल्ला घ्यायला माझ्याकडे आलेल्या, मुंबईत लालबागमध्ये पोळी-भाजी केंद्र चालवणाऱ्या एका आईचं हे वाक्य. शेजारी तिची बारावी सायन्सची मुलगी मान खाली घालून बसली होती. तिला इथे मुक्ता म्हणते. ओळख पटेल असे बाकीचे तपशीलही बदलले आहेत. वडील कुरिअरच्या कामावर, घरचं वर्षाचं उत्पन्न जेमतेम सव्वाचार लाख. मुक्तानं केंटकी राज्यातल्या बेरिया कॉलेजची माहिती काढली होती. तिथे शिक्षण शुल्क घेत नाहीत आणि प्रत्येक विद्यार्थ्याला कॉलेजातच काम करावं लागतं. आईला वाटत होतं, फुकट आहे म्हणजे काहीतरी फसवणूक असणार, आणि काम आहे म्हणजे अभ्यासाचं वाटोळं. काम करून शिकायचा विषय निघाला की बहुतेक घरांत हेच दोन प्रश्न येतात.

फसवणुकीची भीती अगदीच निराधार नव्हती. एका एजंटनं ‘सीट पक्की करून देतो’ म्हणत पंचाहत्तर हजार मागितले होते. मी त्यांना स्पष्ट सांगितलं, एक रुपयाही देऊ नका. अर्ज मुलीनं स्वतः थेट कॉलेजकडे करायचा असतो.

कॉलेज मात्र खरं आहे, आणि जुनं आहे. गुलामगिरीच्या विरोधात उभ्या राहिलेल्या लोकांनी १८५५ मध्ये ते सुरू केलं. काळे-गोरे, मुलगे-मुली तिथे एकत्र शिकत. प्रवेशच मुळी ज्यांना पैशाची अडचण आहे अशांना मिळतो. आठवड्याला किमान दहा तास काम, मग ते ग्रंथालयात असेल, शेतावर असेल, भोजनगृहात असेल. विद्यार्थी हातमागावर विणतात, झाडूसुद्धा बांधतात. केलेल्या कामाची नोंद गुणपत्रिकेसारखी वेगळी मिळते.

“झाडू?” आई म्हणाली. तिचा चेहरा बघून मी पुढचं बोलणं थांबवलं.

त्यानंतरचा अर्धा तास मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो, आणि त्यात पैशाचा विषय नव्हता. मी मुक्ताला विचारलं, आईच्या कामाबद्दल तुला काय वाटतं? ती म्हणाली, “मला कधीच कमी वाटलं नाही. तीच स्वतःला कमी समजते. माझ्या मैत्रिणी आल्या की हात पुसून आत जाते.” आई रडली. काम अभ्यासाच्या आड येईल, असं पालक म्हणतात तेव्हा त्यामागे पुष्कळदा आपण सोसलेला कमीपणा असतो. तो बोलून दाखवला गेला नाही, तर कितीही आकडेमोड करा, पटत नाही. दहा तासांचं काम अभ्यास बुडवत नाही. मुंबईत रोज तीन-चार तास लोकलमध्ये घालवून मुलं डिग्री घेतात. अभ्यास खरा बुडतो तो सत्राच्या मध्यावर पैसे संपतात तेव्हा.

म्हणून पुढच्या भेटीत वही काढली आणि खर्चाचे तीन भाग पाडले. पहिला शिक्षण शुल्क, तो माफ. दुसरा राहणं-जेवण. शिक्षण शुल्क माफ म्हणजे हाही माफ, असं कुठेही गृहीत धरू नका. परदेशी विद्यार्थ्यांना बेरिया पहिल्या वर्षी यातही मदत करतं. पुढे मुलांनी सुट्टीत काम करून थोडे पैसे बाजूला टाकावेत, अशी अपेक्षा असते. तिसरा भाग कुणी मोजतच नाही. विमानाचं तिकीट, व्हिसाचं शुल्क, सेविस म्हणजे अमेरिकेतल्या परदेशी विद्यार्थ्यांच्या सरकारी नोंदणीचं शुल्क ३५० डॉलर म्हणजे तीस हजारांच्या आसपास, थंडीचे कपडे, सुट्टीत घरी यायचं भाडं. आणि प्रत्येक मदतीसमोर विचारायचं: ही दरवर्षी मिळणार का, किती गुण राखावे लागतील, कामाचे पैसे हातात येतात की बिलात वळते होतात? उत्तर ईमेलवर लेखी घ्यायचं.

“कमी पडलं तर बाहेर कुठे हॉटेलात काम करेल,” वडील म्हणाले. तसं करता येत नाही. विद्यार्थी व्हिसावर सत्र चालू असताना आठवड्याला जास्तीत जास्त वीस तास, तेही कॉलेजच्या आवारातच काम करायची मुभा असते. परवानगीशिवाय बाहेर काम केलं तर व्हिसाच धोक्यात येतो. ही तूट आधीच कागदावर दिसली पाहिजे.

तिसऱ्या वेळी मुक्ताचे आजोबा आले. ऐंशीच्या घरातले, गिरणीच्या टाइम ऑफिसातून निवृत्त झालेले. सगळं ऐकून घेतल्यावर म्हणाले, “मी साताऱ्याला शिवाजी कॉलेजात असाच शिकलो. सकाळी शेतात दारं धरायची, पिकाला पाणी द्यायचं, आणि मग तासाला बसायचं.” सुनेला हे लग्नाला वीस वर्षं होऊनही माहीत नव्हतं. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ मध्ये रयत शिक्षण संस्था काढली. ‘स्वावलंबी शिक्षण हेच आमचे ब्रीद’ हे तिचं बोधवाक्य आणि ‘कमवा आणि शिका’ ही तिची रीत. तरी आजोबा इतकी वर्षं का बोलले नाहीत? “मुंबईत आल्यावर कुणी विचारलंच नाही,” एवढंच म्हणाले.

मुक्तानं अर्ज केला. तिथे दरवर्षी परदेशातल्या मोजक्याच मुलांना घेतात, त्यामुळे दुसरा रस्ता आम्ही पहिल्यापासून धरून ठेवला होता. वसंतात नकार आला. चार दिवस ती कुणाशी बोलली नाही, आणि मीही तिला समजावायला गेले नाही.

दुसरा रस्ता सीईटीचा, म्हणजे राज्याच्या सामाईक प्रवेश परीक्षेचा होता. ८ जुलै २०२४ च्या शासन निर्णयानुसार ईडब्ल्यूएस (आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटक), एसईबीसी (सामाजिक व शैक्षणिकदृष्ट्या मागास वर्ग) आणि ओबीसी मुलींना, घरचं उत्पन्न आठ लाखांच्या आत असेल तर, व्यावसायिक अभ्यासक्रमाचं शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ आहे. पण प्रवेश केंद्रीय प्रक्रियेतून, म्हणजे कॅपमधून हवा. व्यवस्थापन कोट्याला ही सवलत नाही. उत्पन्नाचा दाखला आणि मागास वर्गातल्या सवलतीसाठी लागणारं नॉन-क्रीमी लेयर प्रमाणपत्र आम्ही मे महिन्यातच काढून ठेवले. ऐन प्रवेशाच्या दिवसांत तहसील कार्यालयात रांगा लागतात आणि एका दाखल्यापायी मुलींची जागा जाते, हे मी फार वेळा पाहिलंय. महाडीबीटी या सरकारी शिष्यवृत्ती पोर्टलवरचा अर्जही दरवर्षी न चुकता भरायचा, हे वहीच्या पहिल्याच पानावर लिहिलं.

मुक्ताला पुण्यात इंजिनिअरिंग मिळालं. हॉस्टेल आणि मेसचा खर्च उरलाच, तेव्हा त्याच वहीत पुन्हा तीन भाग पाडले. तिच्या कॉलेजात विद्यापीठाची ‘कमवा आणि शिका’ योजना आहे. तिनं पहिल्याच महिन्यात नाव दिलं.

दिवाळीच्या आधी आईचा फोन आला. ग्रंथालयात पुस्तकं लावायचं काम मिळालंय, शनिवारी आवारातली झाडलोट असते, असं सांगत होती. मी विचारलं, तुम्हाला कसं वाटतंय? ती थोडा वेळ गप्प राहिली.

“झाडू नीट धरता येतो का तिला, तेच बघायला जाणार आहे,” ती म्हणाली. “घरी मी कधी धरूच दिला नाही.”