बंद पडलेला सिंथ पुन्हा उभा करायचा आहे. करिअरला उपयोग होईल का?

प्रश्न: मी कॉम्प्युटर इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे. सी प्लस प्लस बऱ्यापैकी येतं आणि कीबोर्डही वाजवते. मला आवडणारा एक सॉफ्टवेअर सिंथेसायझर (कॉम्प्युटरवर आवाज तयार करणारं वाद्य, थोडक्यात सिंथ) कित्येक वर्षांपूर्वी बंद पडला. तो ३२ बिटचा आहे, त्यामुळे नव्या कॉम्प्युटरवर उघडत नाही. मी मूळ डेव्हलपरना मेल केला, तर त्यांनी सोर्स कोडची झिप पाठवली आणि ‘हवं ते कर’ असं लिहिलं. तो ओपन सोर्स करून पुन्हा सुरू करायची इच्छा आहे. घरच्यांना मात्र हा वेळेचा अपव्यय वाटतो. सुरुवात कुठून करू? नोकरीसाठी याचा उपयोग होईल का? आणि जुनंच नाव ठेवता येईल का?

उत्तर: झिप उघडून लगेच कोडला हात घालायचा मोह होईल, तो आवर. ‘हवं ते कर’ हे मोठ्या मनाने लिहिलेलं आहे, पण तो परवाना नाही. परवाना नसलेल्या कोडचे सगळे हक्क राखीव असतात. तू तो तसाच गिटहबवर टाकलास, तर तुझ्यासोबत काम करणारा प्रत्येक जण अडचणीत येऊ शकतो. म्हणून आधी दुसरा मेल लिही. हक्क त्यांच्याकडेच आहेत की तेव्हाच्या कंपनीकडे, काही भाग आणखी कुणी लिहिला आहे का, प्रीसेट (आधीच जुळवून ठेवलेले आवाज) कुणी बनवले, नॉबची चित्रं आणि फॉन्ट कुणाचे, आणि कोणत्या परवान्याखाली खुलं करायला त्यांची संमती आहे, हे सगळं स्पष्ट विचार. परवान्याची फाइल घालून पहिला कमिट (गिटमधली बदलाची नोंद) त्यांनी स्वतः केला तर सर्वांत उत्तम. माझं मत जीपीएल ३ या खुल्या परवान्याच्या बाजूने आहे. उद्या कुणी हा कोड बदलून विकला, तरी बदललेला सोर्स त्याला ग्राहकांना द्यावाच लागतो.

मग झिपमध्ये परक्या वस्तू शोध. त्या काळच्या प्लगइनमध्ये (दुसऱ्या संगीत सॉफ्टवेअरच्या आत चालणाऱ्या अशा सिंथमध्ये) व्हीएसटी २ या स्टाइनबर्ग कंपनीच्या प्लगइन-फॉरमॅटच्या हेडर फाइल हमखास असतात. स्टाइनबर्गने ऑक्टोबर २०१८ पासून व्हीएसटी २ चे नवे परवाने देणं थांबवलं, त्यामुळे त्या फाइल रिपॉझिटरीत ठेवायच्या नाहीत. ‘न्यूमेरिकल रेसिपीज’ या पुस्तकातून उचललेली फंक्शनं दिसली तर तीही काढून नव्याने लिहावी लागतील, कारण त्या कोडचा परवाना असं वाटप करू देत नाही. सीरियल नंबर तपासणारा भाग आणि त्याच्या गुप्त किल्ल्या पहिल्या कमिटच्या आधीच काढ. गिटच्या इतिहासात एकदा गेलेली गोष्ट नंतर नुसती डिलीट करून जात नाही.

आता खरं काम. एकही ओळ बदलण्याआधी जुन्या प्लगइनचा आवाज रेकॉर्ड करून ठेव. रीपरसारखा होस्ट (प्लगइन ज्याच्या आत चालतो ते सॉफ्टवेअर) ६४ बिट विंडोजवर ३२ बिट प्लगइन चालवू शकतो. प्रत्येक प्रीसेटसाठी मिडी नोट (सुराचा क्रमांक) ३६, ६० आणि ९६, व्हेलॉसिटी (कळ दाबण्याचा जोर) ४० आणि १००, सॅम्पल रेट (सेकंदाला आवाजाचे नमुने) ४४,१०० आणि ४८,०००, एवढं ३२ बिट फ्लोट वेव्ह फाइलमध्ये रेंडर कर. हा तुझा पुरावा. पुढे नव्या कोडने तेच रेंडर करायचं, एकाची फेज उलटी करायची आणि दोन्ही एकत्र करायचे, म्हणजे सारखा भाग एकमेकांना खोडतो. उरलेला आवाज उणे १२० डेसिबलच्या आसपास असेल तर चिंता नको, प्रोसेसरचं जुनं एक्स ८७ गणित आणि आजचं एसएसई गणित यांत तेवढा फरक पडतो. उणे ६० वर काही उरत असेल तर कुठेतरी खरी चूक आहे.

ही चाचणी पहिल्याच दिवशी साफ फसण्याची शक्यता आहे. बहुतेक सिंथमध्ये ऑसिलेटरची (मूळ सूर काढणाऱ्या भागाची) सुरुवातीची फेज रँडम असते, म्हणून जुना प्लगइन स्वतःशीसुद्धा जुळत नाही. कोड हातात आहे, तर रँडमचं बीज पक्कं केलेली (दर वेळी तेच आकडे देणारी) एक चाचणी-आवृत्ती जुन्याच कंपायलरने बनव आणि संदर्भ म्हणून तिचे रेंडर ठेव. स्वतःच गुणगुणू लागणारा फिल्टर किंवा फीडबॅक असलेलं एफएम (एका सुराने दुसऱ्याची फ्रिक्वेन्सी हलवण्याची पद्धत) असेल, तर बारीकसा फरकही हळूहळू वाढत जातो. तिथे फक्त सुरुवातीचा भाग ताड आणि पुढे स्पेक्ट्रम बघ.

४८,००० चे रेंडर आधी नीट ऐक. जुन्या कोडमध्ये ४४,१०० हा आकडा कुठेतरी थेट लिहिलेला सापडतोच. तो पिचच्या टेबलात असेल तर ४४० हर्ट्झचा सूर ४८,००० वर सुमारे ४७९ हर्ट्झला वाजतो, म्हणजे जवळजवळ दीड सेमीटोन चढा. तेवढं कानाला लगेच कळतं. तोच आकडा एन्व्हलपमध्ये (आवाजाच्या चढउतारात) असेल तर अटॅक (सुरुवातीचा चढ) साधारण ८ टक्क्यांनी आखूड होतो, आणि ते वर्षानुवर्षं कुणाच्या लक्षात येत नाही.

६४ बिटकडे जाताना पहिली ठेच असेंब्लीची, म्हणजे थेट प्रोसेसरसाठी लिहिलेल्या सूचनांची. मायक्रोसॉफ्टचा कंपायलर ६४ बिटमध्ये इनलाइन असेंब्ली स्वीकारत नाही, त्यामुळे ते तुकडे साध्या सी प्लस प्लसमध्ये किंवा इंट्रिन्सिक्समध्ये (प्रोसेसरच्या सूचनांसाठीची तयार फंक्शनं) लिहावे लागतात. आधी साधं लिही, चाचणी जुळू दे, वेगाचं नंतर बघ. ॲपल सिलिकॉनसाठी एसएसई इंट्रिन्सिक्सना सिमडीसारख्या लायब्ररीने निऑनवर, म्हणजे त्या प्रोसेसरच्या तशाच सूचनांवर, नेता येतं.

दुसरी ठेच जास्त फसवी आहे. प्रीसेट सेव्ह करताना अख्खं स्ट्रक्चर जसंच्या तसं फाइलमध्ये ओतण्याची तेव्हा पद्धत होती. त्यात ‘लाँग’ हा पूर्णांकाचा टाइप असेल, तर तो ६४ बिट विंडोजवर ४ बाइटचाच राहतो, पण मॅक आणि लिनक्सवर ८ बाइटचा होतो. परिणामी विंडोजवर सगळे प्रीसेट सुरेख उघडतात आणि मॅकवर फिल्टरच्या कटऑफची किंमत रेझोनन्स या दुसऱ्याच नॉबमध्ये जाऊन बसते. उपाय एकच: प्रत्येक फील्ड ठरलेल्या रुंदीच्या टाइपने, बाइटचा क्रम सांगून, एकेक करून वाचायचं. पॅरामीटरचे क्रमांकही बदलू नकोस. कुणाच्या जुन्या प्रोजेक्टमध्ये त्या क्रमांकांवर ऑटोमेशन (नॉब आपोआप फिरवणारी नोंद) रेखाटलेलं असतं.

आवाज तयार करणाऱ्या ऑडिओ थ्रेडमध्ये मेमरी मागणं, लॉक लावणं, फाइल उघडणं या तिन्ही गोष्टी शोधून बाहेर काढ. ४८,००० वर ६४ सॅम्पलचा बफर म्हणजे जेमतेम १.३३ मिलिसेकंद, तेवढ्यात काम उरकलं नाही की कट्‌ आवाज येतो. सूर सोडल्यावर काही क्षणांनी सीपीयू उसळत असेल तर डिनॉर्मल (शून्याच्या अगदी जवळचे) आकडे तपास आणि ते शून्य करणारा फ्लॅग लाव.

इंजिन प्लगइनपासून वेगळं कर, हे मी आग्रहाने सांगेन. मिडी फाइल आणि प्रीसेट घेऊन वेव्ह फाइल देणारा, खिडकी नसलेला छोटा कमांड लाइन प्रोग्राम आधी बनव. त्यावर सी-मेक (बिल्डसाठी), गिटहब ॲक्शन्स (आपोआप चाचणीसाठी) आणि ॲड्रेस सॅनिटायझर (मेमरीच्या चुका पकडायला) चढव. इंटरफेस आणि प्लगइनचं वेष्टण त्यानंतर. वेष्टणासाठी ज्यूस हे फ्रेमवर्क सोयीचं, आणि ऑडिओ कंपन्यांच्या ओळखीचंही. मात्र ज्यूस ८ खुलं वापरायचं तर एजीपीएल ३ या परवान्याखाली येतं, हे लक्षात घे. क्लॅप हा प्लगइन-फॉरमॅट २०२२ पासून एमआयटी या सैल परवान्यावर आहे आणि व्हीएसटी ३ देखील २०२५ मध्ये एमआयटीवर आलं, त्यामुळे फॉरमॅटची जुनी डोकेदुखी आता बरीच कमी झाली आहे. रिलीजआधी प्लगइनव्हॅल हे प्लगइन तपासणारं साधन चालवायला विसरू नकोस.

घरच्यांच्या काळजीकडे येऊ. ती रास्त आहे, कारण अशा कामाला अंत नसतो. सर्जचंच बघ: तो पूर्वी विकला जाणारा सिंथ होता, सोर्स सप्टेंबर २०१८ मध्ये खुला झाला आणि त्याची नवी आवृत्ती सर्ज एक्सटी जानेवारी २०२२ मध्ये आला. एवढ्या काळात किती तरी जणांचे हात त्याला लागले. तू एकटी आहेस, तर ध्येय लहान ठेव: एका सत्रात तो कमांड लाइन प्रोग्राम सगळ्या प्रीसेटसह जुन्या आवाजाशी जुळला पाहिजे. नाही जुळला, तर जिथवर आलीस ते नीट लिहून प्रसिद्ध कर आणि परीक्षेच्या अभ्यासाला लाग. सर्ज किंवा डेक्स्ड या खुल्या सिंथमधला एखादा छोटा दोष दुरुस्त करून पाठव. दुसऱ्याने आपला कोड तपासणं काय असतं, ते एकटीच्या प्रोजेक्टमध्ये शिकायला मिळत नाही.

निव्वळ संगीत सॉफ्टवेअरच्या नोकऱ्या थोड्या आणि संघ लहान, हे घरी आधीच सांगून टाक. पण वेळेच्या मर्यादेत न चुकता चालणारं सी प्लस प्लस गेममधल्या आवाजाला, गाड्यांच्या ऑडिओला, श्रवणयंत्रांना, सगळ्या एम्बेडेड कामाला लागतं. सिग्नल्स अँड सिस्टिम्स हा विषय मनापासून कर. रेझ्युमेवर ‘सिंथ बनवला’ असं लिहिण्यापेक्षा ‘३२ बिटचा जुना कोड तीन प्लॅटफॉर्मवर नेला, प्रत्येक कमिटवर जुन्या आवाजाशी आपोआप तुलना होते’ असं लिही, अर्थात तेवढं झाल्यावरच. मुलाखतीत कुणी ‘लाँग’ची भानगड विचारली, तर अर्धा तास बोलण्याइतकं तुझ्याकडे असेल.

राहिलं नाव. कोडचा परवाना मिळाला म्हणून नाव मिळत नाही. ट्रेडमार्क वेगळा असतो. मेलमध्ये तेही विचार. होकार लेखी आला तर जुनं नाव ठेव, नाही तर नवं घे आणि माहितीत मूळ सिंथचा आणि डेव्हलपरचा ठळक उल्लेख कर. जुन्या नावाच्या फाइल वाचण्याची सोय मात्र दोन्ही बाबतींत राहू दे.