वाचक विचारतात : रशियाचं घड्याळ

प्रश्न : मुलगी कझानला वैद्यकीय शिक्षण घेते. सुट्टीत ती रेल्वेने येकातेरिनबर्गला मैत्रिणीकडे जाणार आहे. रशियात म्हणे रेल्वेच्या तिकिटावर मॉस्कोचीच वेळ असते. मग गाडी नेमकी कधी पकडायची?
– एक वाचक, तासगाव (जि. सांगली)

उत्तर : ही माहिती जुनी झाली. 1 ऑगस्ट 2018 पासून तिकिटावर त्या-त्या स्टेशनची स्थानिक वेळ छापतात. त्याआधी खरंच देशभर मॉस्कोची वेळ चाले. जुन्या प्रवासपुस्तकांत अजून तेच वाचायला मिळतं आणि तिथेच घोळ होतो.

रशियात एकूण 11 कालविभाग आहेत. कझान मॉस्कोच्याच वेळेवर चालतं, म्हणजे आपल्यापेक्षा अडीच तास मागे. येकातेरिनबर्ग मात्र कझानच्या 2 तास पुढे, आपल्या फक्त अर्धा तास मागे. समजा, गाडी कझानहून रात्री 8 ला सुटून दुसऱ्या दिवशी दुपारी 12 ला पोचते. तिकीट बघून प्रवास 16 तासांचा वाटेल. प्रत्यक्षात तो 14 तासांचाच. तासगावच्या घड्याळात गाडी रात्री साडेदहाला सुटली आणि दुपारी साडेबाराला पोचली. त्याआधी फोन लावून उगाच काळजी करत बसू नका.

2011 पासून तिथे उन्हाळा-हिवाळ्यासाठी घड्याळं पुढे-मागे करत नाहीत, त्यामुळे हा फरक बाराही महिने तोच. व्लादिवोस्तोक मात्र आपल्या साडेचार तास पुढे! तिकडे कुणी असेल तर रात्री जेवणं उरकल्यावर फोन करू नका. तिथे मध्यरात्र उलटलेली असते.