स्वस्त गोळी घेतली आणि शुगर वाढली?

"जनऔषधीची गोळी सुरू केली आणि उपाशीपोटीची शुगर १२४ वरून १६३ वर गेली. या गोळीत दम नाही." एसटीतून निवृत्त झालेल्या, साठी ओलांडलेल्या काकांची ही तक्रार. सोबत काकू, आणि काकूंच्या पिशवीत जुनी-नवी दोन्ही पाकिटं होती, हे फार बरं झालं.

अशा वेळी आधी पाकीट उलटं करायचं. पुढे ठळक अक्षरात असतं ते कंपनीने दिलेलं ब्रँडचं नाव, औषध मागे बारीक अक्षरात लिहिलेलं असतं. काकांच्या जुन्या पाकिटावर होतं: ग्लिमेपिराईड २ मिग्रॅ, मेटफॉर्मिन ५०० मिग्रॅ एसआर. नव्यावर मेटफॉर्मिन तेवढंच, पण ग्लिमेपिराईड १ मिग्रॅ. सकाळ-संध्याकाळ एकेक गोळी, म्हणजे दिवसाला ४ ऐवजी २ मिग्रॅच पोटात जात होतं. चिठ्ठीवर फक्त ब्रँडचं नाव होतं, त्यापुढचा आकडा पुसट. दुकानात काकांनी "मेटफॉर्मिनवाली द्या" म्हटलं आणि तशीच मिळाली. गोळी कमअस्सल नव्हती, डोस निम्मा होता.

काकूंनी लगेच हिशेब केला, "मग हीच दोन-दोन घेऊ देत की." इथेच घोटाळा होतो. दोन गोळ्यांनी ग्लिमेपिराईड बरोबर होतं, पण मेटफॉर्मिन दिवसाला १००० चं २००० मिग्रॅ होतं. एकदम एवढं वाढवलं तर जुलाब, मळमळ होऊ शकते, आणि किडनीचं काम कमी असेल तर ते धोक्याचंही. शिवाय पाकिटांची नावं वेगळी, त्यामुळे जुनी-नवी दोन्ही गोळ्या घेणारी माणसंही भेटतात. मग शुगर वाढत नाही, दणकन उतरते. काकांच्या डॉक्टरांनी चिठ्ठी घटकांच्या नावाने, मिग्रॅ आणि 'एसआर'सकट पुन्हा लिहून दिली. एसआर म्हणजे हळूहळू विरघळणारी. ती चावायची नाही, कुटायची नाही. कधी तिचं रिकामं कवच शौचात दिसतं, औषध मात्र शरीरात गेलेलं असतं.

दुसरी गोम मोजण्यात होती. १२४ लॅबचा आकडा, १६३ घरच्या ग्लुकोमीटरचा. चांगलं यंत्रही १५ टक्के इकडेतिकडे दाखवू शकतं: लॅबमध्ये १४० असेल तर घरी ११९ किंवा १६१. त्यातून काका बोट न धुताच टोचायचे. आंबा कापलेल्या हाताने मोजलं तर आंब्याची साखरही मोजली जाते.

योग्य गोळी सुरू झाल्यावर दोन आठवड्यांची वही ठरली. आठवड्यातून तीन दिवस उपाशीपोटी, आणि त्याच दिवशी दुपारच्या जेवणानंतर दोन तासांनी. तास पहिल्या घासापासून मोजायचे. यंत्र एकच, स्ट्रिपच्या डबीचं झाकण घट्ट. आकड्यासमोर त्या दिवशीचं वेगळं काहीही: लग्नाचं जेवण, ताप, चुकलेली गोळी. एका आकड्यावर निकाल लावायचा नाही, आठवड्याचा कल बघायचा. अपवाद एकच: ७०च्या खाली. ग्लिमेपिराईड घेऊन जेवण टाळलं की घाम, थरथर, चिडचिड सुरू होते. तेव्हा तीन चमचे साखर पाण्यातून घ्यायची, १५ मिनिटांनी पुन्हा मोजायचं, सावरल्यावर जेवायचं आणि डॉक्टरांना कळवायचं. एकादशीच्या दिवशी गोळीचं काय करायचं, हे काकांना आधीच विचारून ठेवायला सांगितलं.

हे सगळं झालं तेच औषध स्वस्तात घेण्याबद्दल. स्वस्त म्हणून औषधच बदलायचं असेल, समजा ग्लिप्टिन (सिटाग्लिप्टिनसारख्या, शुगरच्याच वेगळ्या गटातल्या गोळ्या) सोडून ग्लिमेपिराईड, तर ते काम डॉक्टरांचंच. शुगर फार खाली उतरण्याची जोखीम वाढते. २०२२ मध्ये सिटाग्लिप्टिनचं पेटंट संपल्यापासून तीही गोळी बरीच स्वस्त झाली आहे, त्यामुळे आधी तिचीच जेनेरिक, म्हणजे तेच औषध असलेली स्वस्त गोळी, विचारावी.

एचबीए१सी ही रक्ताची तपासणी तीन आठवड्यांत करून उपयोग नसतो, त्यात दोन-तीन महिन्यांच्या शुगरची सरासरी असते. काकांनी तीन महिन्यांनी केली: ७.२. आधीची ७.१.

"म्हणजे वाढलीच ना?"

तेच रक्त दोनदा तपासलं तरी एवढा फरक पडू शकतो, हे ऐकल्यावर काकांनी वहीत ७.२ लिहून त्याभोवती गोल केला. काकूंनी शेजारी औषधाचा महिन्याचा खर्च लिहिला.